मल्लूअण्णा आणि आडवा दिवा

मल्लूअण्णांच्या पायजम्याला नाडा असायचा, आणि नाड्यावर पुन्हा कातडी पट्टा. चष्म्याला दोरी, छत्रीला साखळी. सायकल झाडाला बांधली की ते झाडही एकदा हलवून बघत. कुणी हसलंच तर म्हणत, "एकावर भागत असतं तर देवानं दोन हात कशाला दिलं असतं?"

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. अण्णा सोलापुरातल्या एका गिरणीत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या हौशी नाटक मंडळीचे दिवे सांभाळत. मी त्याच मंडळीत हवालदारापासून प्रेतापर्यंत पडेल ती भूमिका करत असे. प्रेत झालो की वरचे दिवे नीट दिसत. प्रत्येक दिव्याला बोल्टाशिवाय एक साखळी असे, विहिरीच्या बादलीची.

"बोल्ट दिव्यासाठी, साखळी माणसासाठी," अण्णा सांगत.

दिवा टांगून झाला की ते बरोब्बर त्याच्याखाली स्टूल मांडत, चहा मागवत आणि घोट घेत घेत बांबूनं वरचा पाइप गदागदा हलवत. "जितं मला चहा गोड लागत न्हाई, तितं कुणी उभं ऱ्हायाचं न्हाई." तोवर राजा, प्रधान, सगळे विंगेत ताटकळत.

त्या वर्षी नायिकेचं काम पहिल्यांदाच शांताक्कांना मिळालं. शांताक्का म्हणजे अण्णांची बायको. दोघांत तेव्हा कडक अबोला होता. कारण घरातला झोपाळा. अक्कांना काम मिळालं त्याच आठवड्यात त्याची एक पितळी कडी अण्णांनी "झिजलीया" म्हणून दुरुस्तीला नेली होती आणि ती परत येण्याचं नाव नव्हतं. झोपाळा तीन कड्यांवर लोंबकळत होता आणि शांताक्कांची दुपार त्याच्याबरोबर.

त्यात आमच्या दिग्दर्शकांना, जोशीसरांना, कल्पना सुचली. दिवा खाली लोंबला की झालरीखालून दिसतो, म्हणून तो पाइपाच्या बाजूला आडवा बसवायचा, शांताक्कांच्या खुर्चीच्या डोक्यावर. त्या उठून चालू लागल्या की विंगेतून दोरी ओढून तो त्यांच्या मागे वळवायचा.

"वटवाघूळ उलटं निजतंय, बरं निजतंय," अण्णा म्हणाले. "आडवं निजल्यालं बघितलंय का कुणी?"

आडव्या दिव्याचं वजन एका अंगाला ओढतं, वर तो सारखा फिरवला की बोल्ट सैल होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून साखळी हवी, तीही दिव्याच्या पकडीत नाही, थेट पाइपावरून. "ज्याचा इश्वास न्हाई, त्यालाच साखळी बांधून काय उपेग?"

"साखळी चमकते हो, अण्णा! प्रेक्षकांना दिसेल. काढा ती."

"काढतो की. मग दिवा बी काढतो. मला बी काढा."

प्रयोग दोन दिवसांवर. दुसरा दिवेवाला आणायचा कुठून? शांताक्का कडाडल्या, पण माझ्याकडे बघून. "ह्यांना सांगा, इतक्या वर्षांनी मला काम मिळालंय. नाटक माझं हाय, साखळीचं न्हाई!"

अण्णाही मलाच म्हणाले, "तिला सांगा, म्हणूनच."

अखेर साखळीला काळा रंग फासून तह झाला. त्या खुर्चीत बसून अण्णांनी दोन कप चहा प्याला.

प्रयोग रंगला. तिसऱ्या अंकात शांताक्का "मी कुठंही जाणार नाही" म्हणून पुन्हा खुर्चीत बसल्या, आणि वरचा उजेड एकदम थरथरला. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट! जोशीसरांनी विंगेत स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उतरवायला मी शिडीवर चढलो. बोल्ट पार सुटला होता. अख्खा दिवा साखळीवर होता. पाइपाशी घासून तिचा काळा रंग निघाला होता आणि आतून पिवळंधमक पितळ दिसत होतं. बादलीची साखळी कुठली? ती झोपाळ्याची लांब, दुव्यादुव्यांची कडी होती.

मी खाली बघितलं. अण्णा शिडी धरून उभे होते.

"बारा वर्सं झोपाळ्यावर तिला पेलत आलीया ती," ते हळूच म्हणाले. "बादलीच्या साखळीवर मन बसंना."

"अहो, मग अक्कांना सांगून टाकू की! अबोला तरी संपेल."

"नगं. कडी परत झोपाळ्याला लावंल ती. बार्शीच्या प्रयोगाला बी तिला ह्याच दिव्याखाली बसायचं हाय."

"आणि तोवर घरात एकटेच गप्प बसणार?"

दिवा उतरवून मी कडी खाली आणली. अण्णांनी ती माझ्या हातून घेतली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि पिशवीत घातली.

"अबोला काय, डोक्यावर पडत न्हाई," ते म्हणाले.