उपाशी ठेवायची कुंडी

मित्रहो, जगातली भूक मी मिटवणार होतो. निदान वांग्यांची तरी!

गवारीच्या डिंकाच्या जेलचे मी मणी बनवले होते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे लिबलिबीत, आणि पोटात खत. मातीत पुरायचे, ते थोडं थोडं खत सोडत राहणार, आणि काम संपलं की मुकाट्यानं मातीत विरघळून जाणार. काम करून श्रेय न मागता नाहीसं होणारी वस्तू! आमच्या संस्थेत अशी दुसरी नव्हती.

दिल्लीची समिती पाहायला येणार होती. पसंत पडलं तर प्रकल्प पुढे चालू, आणि त्यावरची माझी नोकरीही. नाही पडलं तर मी तिशीच्या आत निवृत्त.

प्रयोग आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या गच्चीवर होता, कारण संस्थेच्या शेडनेटमध्ये संचालकांच्या भाच्याच्या लग्नाच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. वांग्याच्या दोन कुंड्या. एकीत मणी, दुसरीत काही नाही. दुसरीनं उपाशी राहून पिवळं पडायचं, म्हणजे पहिलीचं तेज दिसतं. विज्ञान असंच चालतं. समाजही.

तेवढ्यात प्रकल्पप्रमुख श्यामसुंदर सरांनी मला कुंडम गावी शेतकऱ्यांच्या शिबिरावर महिनाभर पाठवलं. कुंड्या मोठ्या काकूच्या हवाली केल्या. तिला आम्ही मोठी आई म्हणतो.

"दोघींना रोज एक-एक गिलास पाणी. बस्स!"

"अन् या दुसरीच्या पोटात काय आहे?"

"काही नाही. तिला उपाशीच ठेवायचं आहे."

"अच्छा," मोठी आई म्हणाली. त्या 'अच्छा'लाच मी घाबरायला हवं होतं.

समिती यायच्या दिवशी सकाळी परतलो, तो थेट गच्चीवर. मण्यांची कुंडी काविळीच्या रोग्यासारखी पिवळी! माझं जेल इतकं शिस्तीचं निघालं की त्यानं काही सोडलंच नव्हतं. फायलीवर बसलेला कारकून बरा! आणि उपाशी कुंडी? वांग्यांनी अशी लगडलेली, की लेकुरवाळी बाई वाटावी.

"मोठी आई! हिला काय दिलं?"

"काही नाही रे. थोडी जवसाची ढेप, गाईले घालतात ती. ताक. डाळीचं धुवण."

"मी नाही म्हटलं होतं ना!"

"एका पंगतीत बसवून एकीले वाढायचं, अन् दुसरीचं पान कोरडं? आपल्यात असं कोणी करते का? पाप लागते, दिवाकर!"

"मग दोघींना द्यायचं!"

"तिच्या पोटात तर तूच ठासून ठेवलं होतं न. भरल्या पोटाले काहून वाढू?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सर आणि समितीच्या पद्मजा मॅडम! मी सरांच्या कानात सगळं ओतलं. सरांनी पिवळी कुंडी पाहिली, हिरवी पाहिली, आणि हिरवीच्या काठावर प्रेमानं हात ठेवला.

"मॅडम, ये रहा हमारा जेल!"

नोकरी दातात धरली की तोंड उघडता येत नाही.

मॅडमनी काडीनं माती उकरली. "इसमें तो जेल दिख नहीं रहा?"

"यही तो कमाल है, मॅडम! पूरा घुल गया. निशान तक नहीं!"

मॅडम खूश! पुरावा नाही, हाच पुरावा. मग त्यांनी पिवळी कुंडी उकरली. माझे मणी टुणकन वर आले. एकूण एक. पाहुण्यासमोर भांडण सांगायला आलेल्या नातेवाइकांसारखे.

"और ये?"

सर क्षणभरही अडखळले नाहीत. "ये इस लड़के की लापरवाही है. जो गमला खाली रखना था, उसी में जेल ठूँस-ठूँसकर डाल दिया, पौधा जल गया. इसे तो हम निकाल ही रहे हैं."

प्रकल्प मंजूर झाला. सगळ्यांसकट, मला वगळून.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "दिवाकर, बुरा मत मानना. तुम्हारी बड़ी माँ का नंबर देना ज़रा."

आता रोज सकाळी संस्थेची जीप गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवते. प्रकल्पाच्या तांत्रिक सल्लागार, भानुमतीबाई ऊर्फ आमची मोठी आई, ढेपेची बादली घेऊन पुढच्या सीटवर बसतात. निघताना मला बजावतात,

"भाजी झाकून ठेवली, जेवून घेजो. अन् त्या पिवळीले पाणी टाकजो जरा. तसाही बसूनच तर राहिला!"