एकवीस गेमचं मशीन आणि लग्नातलं कपाट

आधीच सांगतो, मी नववीत शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा, आणि भारी शब्द शोधू नका, ते माझ्याकडं नाहीत. (जे दोन-चार होते ते लग्नाआधी अक्षदाला मेसेज करून संपले.) पण माझ्या मशीनबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. ते ठरलेलं आहे.

हर्सूलला आमच्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या पुढच्या खोलीत जुन्या काळचं व्हिडिओ गेमचं मशीन उभं होतं. माणसाच्या उंचीचं, लाकडी, समोर स्क्रीन, खाली एक दांडी, तीन बटणं आणि रुपया टाकायची फट. टी.व्ही. सेंटर भागातलं एक गेम पार्लर बंद पडलं तेव्हा मालकानं ते मला फुकट दिलं. म्हणाला, "ने बाबा. तुझी शाळा यानंच खाल्ली, आता तूच सांभाळ." त्यात एकच गेम होता, विमानाचा. मी तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण एका रविवारी मला वाटलं, आतली एक चिप काढून बघावी.

माझ्यासारखे लोक जगात बरेच आहेत. (अक्षदा म्हणते, मला त्यांच्या बायकांशी बोलायचंय.) ते जुन्या मशीनचा मुख्य प्रोसेसर काढतात आणि त्या जागी घरी बनवलेला एक छोटा बोर्ड बसवतात. मशीन तेच, स्क्रीन तीच, पण एका गेमचे अनेक गेम होतात. त्यांचं लिहिलेलं मी मोबाईलवर भाषांतर करून करून वाचलं. दिवसा मिक्सर आणि सेट टॉप बॉक्स दुरुस्त करायचे, उरलेल्या वेळात बोर्ड. चौदा महिन्यांत तीन बोर्ड जाळले, चौथा चालला. एकवीस गेम. मेनू मराठीत. एकेक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत बसवलं. नुसत्या 'क्ष'ला चार दिवस गेले. तो मी अक्षदाला कौतुकानं दाखवला, तर ती म्हणाली, "हे काय, झुरळ?"

आता कपाट. सासऱ्यांनी लग्नात लोखंडी कपाट दिलं होतं. ते दोन वर्षं फुलंब्रीला त्यांच्याच घरी पडून होतं, कारण आमच्याकडं मोकळी भिंत एकच, आणि त्या भिंतीला मशीन. अक्षदाचे कपडे दोरीवर आणि साड्या पलंगाखाली बॅगेत. तिचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण भिंत एकच होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. त्यांचं नाव शिवशंकरराव, मी त्यांना मामा म्हणतो.

"जावईबापू, उद्या टेम्पो घिऊन येतो. कपाट उतरवू, आन् जाताना ते तुमचं खोकं भंगारात टाकू."

मी लाजरा माणूस आहे. रिक्षावाल्यालासुद्धा 'इथं थांबा' म्हणायला मला दोन चौक लागतात. पण त्या दिवशी मी उभा राहून बोललो. (फोन ठेवल्यावर.) अक्षदाला म्हणालो, "मशीन गेलं तर मी पण जाईन."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं."

रात्रभर विचार केला आणि सकाळी उपाय सापडला. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं आणि यंत्रं पूजतात. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हलवायचं तर मुळीच नाही. यात माझी आई मंजुळाबाई कोर्टापेक्षा कडक. तिनं पाटावर विळी, कोयता आणि माझी सोल्डरिंग गन मांडली होती.

मी म्हणालो, "आई, मशीनची पण पूजा कर की."

"हे यंत्र हाय व्हय? मी समजत होते फर्निचर हाय."

यंत्र आहे हे दिसावं म्हणून मी ते चालू केलं. डेमोचा आवाज पूर्ण वाढवला. आईनं स्क्रीनला हार घातला, दांडीला हळदकुंकू लावलं, फटीत एक रुपया टाकला (लोक देवळात टाकतात तसा), आणि जाता जाता मागच्या प्लगला आणि भिंतीवरच्या स्विचलाही कुंकवाचं बोट लावलं.

"झालं. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाय."

"आई, बंद तेवढं करू दे."

"बंद करायला हातच लावावा लागंल ना?"

मी पुढं केलेला हात मागं घेतला.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. मामा उतरले, ड्रायव्हर भिकन उतरला, आणि दोघांनी मिळून कपाट खोलीच्या मधोमध आणून ठेवलं. मग मामा मशीनकडं वळले. मी भिंतीला टेकून म्हणालो, "मामा, पूजा झालीये. हलवता येणार नाही." आवाज बारीक निघाला, पण निघाला.

मामांनी हार बघितला, कुंकू बघितलं, माझ्याकडं बघितलं. "लई हुशार झाले की जावईबापू. ठीक हाय. आमी उद्या परत येतो. चल रे भिकन."

पण आई ताट घेऊन बाहेर गेलेली होती. दारात आलेलं चाक तसंच कसं सोडायचं म्हणून तिनं टेम्पोलाही ओवाळलं होतं. चारी चाकांना, बोनेटला, स्टेअरिंगला कुंकू. भिकननं आधी टोपी काढून नमस्कार केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"काकू, आमी गाडी दसऱ्याला पूजतो."

"उद्या परत पूज. आज पूजली ती पूजली. हलवायची नाय."

"इहीणबाई," मामा म्हणाले, "मग आमी जावं कसं?"

"ऱ्हावा की इवाई. घर काय परकं हाय?"

त्या दिवसाचं चित्र असं. एका खोलीत मधोमध कपाट, भिंतीला मशीन, आणि उरलेल्या फटीत मामा, भिकन आणि मी, शेजारी शेजारी, गुडघे पोटाशी. स्वयंपाकघरात जायचं तर तिघांनी मिळून श्वास आत घ्यायचा. मशीन मोठमोठ्यानं ओरडतंय आणि ते बंद करता येत नाही. आमच्याकडं रोज दुपारी जाणारी लाईट त्या दिवशी मिनिटभरसुद्धा गेली नाही.

डेमो म्हणजे मशीन आपलं आपण थोडं थोडं खेळून दाखवतं. एकवीस गेम संपायला दहा मिनिटं, की पुन्हा पहिल्यापासून. विमानाच्या गेममध्ये विमान दर वेळी त्याच जागी, त्याच लाल गोळ्याला धडकून मरतं. मामांनी दोन तास भिंतीकडं तोंड करून निषेध केला. मग एक डोळा वळला.

"ह्ये कोण खेळतंय?"

"कुणी नाही मामा. मशीन आपलं आपण खेळतंय."

"मग त्याला अक्कल नाय. अरं, उजवीकडं सर की."

विमान मेलं. दहा मिनिटांनी परत आलं.

"आता बघ, आता सरंल," भिकन म्हणाला.

विमान मेलं. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळपर्यंत त्यांना एकवीसही गेमची नावं पाठ झाली होती. चहा देताना अक्षदा मध्ये आली तर म्हणाले, "पोरी, सरक, विमान यायची टाईम झाली." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कपाटाआड झालो. पण खरं सांगतो, मनातून मी हसत होतो. माझं मशीन वाचलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी पाच वाजता मामा अंघोळ करून मशीनसमोर बसले. आईनं नारळ फोडला तशी त्यांनी दांडी धरली. विमान उडालं, आणि त्याच जागी, त्याच लाल गोळ्याला धडकून मेलं.

"दांडी ढिली हाय," मामा म्हणाले.

अकरा वाजेपर्यंत ते उठले नाहीत. उठले तेव्हा लाल गोळ्याच्या पुढं गेले होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, मी चुकलो. ह्ये भंगार नाय."

चौदा महिन्यांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

"भिकन," मामा पुढं म्हणाले, "दोरी काढ. ह्ये फुलंब्रीला आपल्या ओसरीत ठेवू."

मी मशीनसमोर आडवा आलो. या वेळी मी सगळ्यांदेखत, मोठ्यानं बोललो. "मशीन गेलं तर मी पण जाईन."

मागं स्क्रीनवर विमान तेवढ्यात परत मेलं.

"मग चला की," मामा म्हणाले. "बिघडलं तर बघायला माणूस लागंलच."

अक्षदा आतून पिशवी घेऊन आली. त्यात माझे दोन शर्ट, सोल्डरिंग गन आणि डबा होता. म्हणजे पिशवी आधीच भरलेली होती. "घाई करू नका," ती म्हणाली. "सावकाश या."

मी हरलो असं कुणी समजू नये. मी जाईन म्हणालो होतो, आणि गेलो. टेम्पोत पुढं मामा आणि भिकन बसले. मागं मशीनला मिठी मारून मी उभा राहिलो. दारातून मला दिसलं, कपाट भिंतीला अगदी मापात बसलं होतं. टेम्पो निघाला तशी अक्षदा धावत बाहेर आली आणि तिनं हात वर केला. मला वाटलं निरोप देते, मीही हात वर केला.

"अहो," ती ओरडली, "दोन्ही हातांनी धरा ते. पडंल."