तुमचीच आहे, घेऊन जा

सब्हा डोंगरातल्या बहिणीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा पिकअपमध्ये चढता चढता तिने नवऱ्याला तीन गोष्टी बजावल्या. चहात साखर कमी घाल, शेळ्यांना वेळेवर पाणी दाखव, आणि माझ्या रीशाच्या पाठीवर सिलिंडर लादलेस तर याद राख. पहिल्या दोन गोष्टी फराज त्याच दिवशी विसरला. तिसरी मात्र पक्की लक्षात होती, म्हणूनच रविवारी ती मोडताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

रीशा ही सब्हाची सांडणी. सब्हाला लग्नात बापाने जी सांडणी दिली, तिची ही लेक. आई लवकर गेली म्हणून सब्हाने हिला शेळीच्या दुधावर वाढवलेली. ती रीशाशी जेवढं बोलते तेवढं फराजशी बोलत नाही, आणि जे बोलते तेही जास्त गोडीने. पण फराजचा तरी इलाज काय होता? रिसॉर्टचे पाहुणे उंटांवर बसवायचे, हवेचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बांधायचे आणि किनाऱ्याने उत्तरेला जायचं, जिथे मोटारीचा रस्ता संपतो. सकाळी पाहुणे समुद्रात बुडी मारणार, दुपारी त्यांना वाळवंटात नेऊन राखेत भाजलेली भाकरी खाऊ घालायची, उन्हं उतरली की परत. हा त्याचा धंदा. रविवारी पाहुणे सहा आले आणि नेमका त्याचा एक उंट पाय सुजून बसला. सब्हा गुरुवारी येणार होती. ‘तोवर पाठीवरचे वळ जातील,’ असं मनाशी म्हणून फराजने रीशाला उठवलं.

रीशाच्या वाट्याला आली बिर्गिट. बाई डेन्मार्कची, वय साठीच्या पुढे, जन्मभर शाळेत शिकवलेलं. इथे यायचं ठरल्यावर ती अख्खा हिवाळा पुस्तक समोर ठेवून अरबी शिकली होती. त्यामुळे ती तोंड उघडायची तेव्हा समोरच्याला वाटायचं, आपल्याला सरकारी पत्र आलं आहे.

संध्याकाळी रिसॉर्टच्या फाटकाशी ती रीशावरून उतरली. तिचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लालबुंद झाला होता. तिने रीशाच्या मानेवरून हात फिरवला.

“महोदय फराज,” ती म्हणाली, “ही सांडणी अतिशय सुंदर आहे. इतका सुस्वभावी प्राणी मी आयुष्यात पाहिलेला नाही.”

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी आपल्या वस्तूची तारीफ केली तर छातीवर हात ठेवून म्हणायचं, “तुमचीच आहे, घेऊन जा.” समोरच्याने म्हणायचं, “छे छे, तुमच्याकडेच शोभते.” असं तीनदा व्हायचं आणि मग दोघांनी आपापली वस्तू घेऊन आपापल्या घरी जायचं. आमच्या किनाऱ्यावर घड्याळं, सदरे, होड्या, मोटारी सकाळ-संध्याकाळ वाटल्या जातात, आणि आजवर एक चप्पलसुद्धा जागची हललेली नाही.

फराजने छातीवर हात ठेवला. “तुमचीच आहे बाई, घेऊन जा.”

“खरोखर?” बिर्गिटच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी अत्यंत आभारी आहे.”

आणि तिने त्याच्या हातातून दोर घेतला.

फराज तसाच उभा राहिला, छातीवर हात ठेवून. आता म्हणेल, आता वळून म्हणेल. बिर्गिट वळली खरी, पण हात हलवायला. मग ती, तिच्या मागून रीशा आणि रीशाच्या मागून तिची शेपटी, अशी सगळी मिरवणूक फाटकातून आत गेली.

मागे उंटवाले उभे होते, पाच पाहुणे उभे होते. इतक्या जणांदेखत दिलेला शब्द ‘बाई, मी आपलं उगीच म्हटलं हो’ म्हणून परत घ्यायचा? त्यापेक्षा मेलेलं बरं. पण गुरुवारी सब्हा आली की तेही होणारच होतं.

इकडे बिर्गिटचंही काही खरं नव्हतं. भर ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की शनिवारी आपलं विमान आहे. ती व्यवस्थापक इहाबकडे गेली.

“महोदय इहाब, ही भेट विमानात मावणार नाही. मी ती उद्या सन्मानपूर्वक परत करू शकते काय?”

इहाब कैरोचा. अकरा वर्षं इथे राहून तो एकदाही वाळवंटात मुक्कामाला गेला नव्हता, पण पाहुण्यांना आम्हा वाळवंटातल्या बदू लोकांविषयी सांगायला लागला की आम्हालाही नवीन नवीन माहिती कळते.

“परत?” त्याने डोळे मोठे केले. “अहो बाई, बोलू नका असं! बदूची भेट परत केली, तर त्याच्या सात पिढ्यांचा अपमान होतो. रक्त सांडतं इथे त्यापायी!”

“मग मी काय करावे?”

“ठेवून घ्या. प्रेमाने.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रीशाने इहाबची बोगनवेल खाल्ली. ही वेल त्याने सात वर्षं गोडं पाणी घालून कार्यालयाच्या दारावर चढवली होती. त्यानंतर रीशाने एका पाहुणीची गवती टोपी खाल्ली आणि वाळूवरच्या लांब खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसली. रक्तपाताचं एकदा बोलून बसल्यावर इहाब आता बोगनवेलीसाठी माघार कशी घेणार?

फराज जुमा काकांकडे गेला. आमच्याकडे भांडण मिटवायचं असो की लग्न ठरवायचं असो, काकांशिवाय पान हलत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाढी खाजवली.

“सरळ मागता यायचं नाही. आडून सुचवावं लागेल. ते तू माझ्यावर सोड.”

काका रिसॉर्टमध्ये गेले. बिर्गिटने दिलेला चहा त्यांनी तीन पेले घेतला, पावसाची, तिच्या गावाची, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग हळूच विषय काढला.

“बाई, सांडणीला एकटं राहवत नाही बरं का. तिला आपली माणसं लागतात, आपलं अंगण लागतं. नाहीतर झुरते बिचारी. दाणा तोंडात घेत नाही.”

त्यांच्या मागे रीशा दुसरी टोपी खात होती. बिर्गिटने मात्र गंभीरपणे मान डोलावली.

“मला समजले. मी उपाय करीन.”

“झालं काम,” काका फराजला म्हणाले. “दुपारपर्यंत दारात आणून सोडते की नाही बघ.”

दुपारी बिर्गिट दारात आली. एकटीच. फराजने तिला बसवलं, चहा टाकला. ती अंगणात इकडेतिकडे बघत होती. मग तिने सब्हाच्या पांढऱ्या शेळीकडे बोट दाखवलं.

“रीशाला सोबतीची आवश्यकता आहे असे वृद्ध महोदयांनी सांगितले. ही तिची मैत्रीण आहे काय? किती गोड शेळी आहे!”

फराजने ओठ घट्ट मिटले. खरंच मिटले, त्याच्या शेजाऱ्याने पाहिलं आहे. पण तोंडाला पन्नास वर्षांची सवय. हात आपोआप छातीवर गेला.

“तुमचीच आहे बाई. घेऊन जा.”

संध्याकाळी काका डोक्याला हात लावून बसले. “अरे गाढवा! जीभ आहे की घसरगुंडी?”

“मग काय करू, काका? पाहुणी दारात आली, शेळीची तारीफ केली. नुसता बघत बसू? तुम्ही बसला असता?”

काकांनी दाढी खाजवली. त्यांनाही ते जमलं नसतं. मग ते म्हणाले, “आता एकच राहिलं. सांडणी आज तिची आहे ना? मग तू जा आणि तिच्यापुढे सांडणीची तोंडभर तारीफ कर. तिला म्हणावंच लागेल.”

“तिला रीत माहीत असायला हवी ना.”

“अल्ला आहे.”

आणि अल्लाने ऐकलं. त्याच दिवशी बिर्गिटने तिच्या पुस्तकातला चौदावा धडा वाचला. ‘यजमानाची वस्तू आवडल्यास’. धडा संपला तेव्हा तिचे कान गरम झाले होते. आपण काय करून बसलो ते तिला थोडंथोडं कळायला लागलं. पण त्या इहाबच्या रक्तपाताचं काय? नुसतं परत करणं धोक्याचं. फराजने स्वतः तारीफ करावी आणि आपण ‘तुमचीच आहे’ म्हणावं, हीच काय ती सुटका. त्याने यावं म्हणून मंगळवारी ती सकाळपासून डायव्हिंगचा सूट घालून रीशाशेजारी बसून राहिली.

फराज आला. घरून पाठ करून आला होता.

“माशाअल्ला! काय सांडणी आहे! काय मान, काय पापण्या! असं जनावर नशीबवान माणसाच्याच दारात असतं.”

बिर्गिट ताडकन उठली. तिने छातीवर हात ठेवला आणि शाळेत कविता म्हणावी तसं खणखणीत म्हणाली, “तुमचीच आहे. घेऊन जा!”

“छे छे, बाई! तुमच्याकडेच शोभते.”

हे वाक्य आपणच बोललो, हे फराजला जरा उशिरा कळलं. तरी तो घाबरला नाही. अजून दोनदा विचारणार होतीच ना ती. पण आग्रह तीनदा करायचा असतो हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं, आणि बिर्गिटच्या देशात माणूस नाही म्हणाला की नाहीच म्हणतो. तिचा चेहरा पडला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मी आपल्यावर दबाव आणणार नाही.”

आणि सिलिंडर पाठीला लावून ती समुद्रात गेली. फराज काठावर उभा राहून तिचे बुडबुडे बघत राहिला. ‘बये, अजून एकदा विचार ना गं,’ असं तो पुटपुटला म्हणे, पण पाण्याखाली ते कसं ऐकू जाणार!

सब्हा बुधवारीच आली. एक दिवस आधी. डांबरी रस्त्यावर पिकअपमधून उतरून ती पायवाटेने चालू लागली आणि वीस पावलांवर थबकली.

आमच्या बायका एकवेळ माणसाचा चेहरा विसरतील, पण आपल्या जनावराचं पाऊल विसरणार नाहीत. रीशाचा मागचा डावा पाय थोडा आत पडतो. इथे तो खोल रुतला होता, म्हणजे पाठीवर ओझं होतं. फाटकाजवळ पाऊल हलकं झालेलं, पुढे एका बाईच्या परदेशी चपला. नंतर कधीतरी त्याच चपला शेळीला घेऊन गेलेल्या. आणि फराजच्या चपला, फाटकापर्यंत येऊन परत फिरलेल्या. एकदा नाही, चारदा. वारा तीन दिवस पडलेला होता, त्यामुळे फराजचा सगळा पराक्रम वाळूवर लिहून ठेवल्यासारखा शाबूत होता.

फराज समोरून धावत आला. “अगं! आजच? ताई कशी आहे?”

“मुलगी झाली. दोघी ठणठणीत. रीशा कुठे?”

“चरायला गेलीय.”

“हो का? फाटकातून आत? शेळीला घेऊन?”

फराजने पायाने वाळू उगीचच पुसली. सब्हा तशीच पिशवीसकट रिसॉर्टमध्ये शिरली. मागून फराज, त्याच्यामागे काका. इहाब हात पसरून आडवा आला.

“बाई, जरा दमाने! हा भेटीचा मामला आहे, यात तुमच्याच लोकांची काही रीत असते...”

सब्हाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला बघताच रीशा गुरगुरत उठली आणि तिच्या खांद्यावर मान टाकली. सब्हाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. वळ हाताला लागले. तिने फराजकडे एकदाच पाहिलं, आणि तो काकांच्या आड सरकला. मग ती बिर्गिटकडे वळली.

“ही सांडणी माझी आहे.”

“आपली?”

“माझी. शेळीपण माझी. याचं इथे काहीच नाही, तर हा देणार काय?”

“परमेश्वराचे आभार!” बिर्गिटने तिला मिठीच मारली. “आपण त्वरित घेऊन जावी. मी तीन रात्री झोपलेले नाही. हे मला आधी कोणीच का सांगितले नाही?”

फराज समुद्राकडे बघू लागला. काका स्वतःच्या चपलांकडे. इहाब बोगनवेलीच्या काड्यांकडे. चार दिवस चार शहाणी माणसं ज्या गाठीत अडकली होती, ती सुटायला सब्हाला एक वाक्य पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सब्हाने बिर्गिटला कॉफीला बोलावलं. बाई आता पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून आली होती. हात मांडीवर ठेवून बसली. सतरंजीची तारीफ नाही, किटलीची नाही. शेळ्यांकडे तर तिने मान वर करून पाहिलं नाही. पण फराज कोपऱ्यात कालपासून असा बसला होता, की तिला त्याची दया आली. निघताना तिला राहवलं नाही.

“एक सांगू? आपला पती मनाने फार उदार आहे. असा मनुष्य मी कुठेही पाहिलेला नाही.”

सब्हाने किटली खाली ठेवली. छातीवर हात ठेवला. आणि अगदी रितीच्या मऊ आवाजात म्हणाली, “तुमचाच आहे. घेऊन जा.”

काकांचा पेला ओठांपाशी थांबला. फराज पांढराफटक पडला. या बाईने पहिल्या शब्दाला सांडणी नेली होती. बिर्गिटने मान तिरकी करून त्याच्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहिलं. मग तिनेही छातीवर हात ठेवला.

“नको-नको-नको,” ती एका दमात म्हणाली. “तुमच्याकडेच शोभतो.”

दुसऱ्यांदा विचारायची संधीसुद्धा सब्हाला मिळाली नाही. ती इतकी हसली, की पदराने डोळे पुसावे लागले, आणि घरातलं वादळ तिथेच निवलं. काकांनी मान डोलावली. बाईला रीत चोख जमली, असं ते म्हणाले.

फराजचाही जीव भांड्यात पडला. पण रीशाला दाणा घालताना तो काकांना हळूच म्हणाला, “काका, पहिल्या ‘नको’नंतर जरा तरी थांबायचं ना तिने.”