उन्हाची फ्रेम

फ्रेमवाल्यांनी जिन्यातला दिवा बंद केला तेव्हा त्यांच्या आई जिन्यातच होत्या, बरोबर मध्यावर.

"अरे, मी अजून आहे!" अंधारातून आवाज आला.

"कठडा धरून ये ना आई. रोजचाच तर जिना आहे," फ्रेमवाले खालून म्हणाले.

आई एकेक पायरी पायाने चाचपत खाली आल्या आणि मुलाकडे न बघता आत निघून गेल्या.

दुकानात हा माणूस लाखात एक. कुणाच्या लग्नाचा फोटो, कुणाचं प्रमाणपत्र, कुणाच्या पोराने काढलेली आडवीतिडवी गाय, काहीही आणा, त्यांच्या हातून फ्रेम होऊन बाहेर पडलं की मालकही दोन पावलं मागे सरून बघत राहायचा. पण घरी आले की त्यांच्या अंगात विजेचं बिल संचारायचं. कुणी खोलीतून उठायच्या नुसत्या बेतात असलं तरी यांचा हात बटणावर. मुलगी कॉलेजचा अभ्यास करताना विचार करायला डोळे मिटायची, तर तेवढ्यात दिवा गेलेला असायचा.

त्याच आठवड्यात बायको तोंडाला साबण लावून बाथरूममध्ये उभी असताना त्यांनी बाहेरून दिवा घालवला. पाण्याचा आवाज थांबला, त्यावरून आंघोळ झाली असा त्यांचा हिशोब होता.

बायको बाहेर आली ती निर्णय घेऊनच. "आजपासून या घरातली बटणं माझी. तुम्ही एकाही बटणाला हात लावायचा नाही."

"आणि बिल?"

"बिल येतं तसं येईल. माणसं अंधारात राहण्यापेक्षा बरं."

फ्रेमवाल्यांचा चेहरा पडला. बटणांवरचा हक्क गेला तर या घरात त्यांना विचारणार कोण होतं? म्हणून त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं. "मी घरीच वीज बनवतो. उन्हाची. पुढचं बिल कमी करून दाखवतो."

"दाखवा," बायको म्हणाली. "बिल कमी आलं तर बटणं जन्मभर तुमची, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आलं तर माझी."

साक्षीला बायकोचा भाऊ होता. तो वायरमन. बहिणीच्या घरी आला की आधी ट्यूबलाइटकडे बघायचा आणि मग बहिणीकडे. "दाजी, सोलर पॅनेल म्हणजे फोटोफ्रेम नव्हे," तो म्हणाला.

"का नव्हे? लाकडी चौकट, वर काच, मागे पाठ. आत चित्राच्या जागी सेल. फरक सांग."

मेहुण्याला पटकन फरक सांगता येईना, आणि तिथेच सगळं ठरलं.

जुन्या सामानाच्या बाजारातून फ्रेमवाल्यांनी कडा उडालेले सोलर सेल आणले. निळेशार, बिस्किटासारखे ठिसूळ. मेहुण्याने तारा जोडायला कथलाचा डाग कसा द्यायचा ते एकदा दाखवलं, आणि पुढचे सगळे डाग यांनी असे दिले की मेहुणा आपलं पहिलं काम बघून ओशाळला. सेल एकमेकांना जोडून झाल्यावर फ्रेमवाल्यांनी पुठ्ठ्याचं एक पातं कापलं, बिघडलेल्या खेळण्यातल्या मोटरीला बसवलं, आणि सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. सेलांच्या ओळीवर त्यांनी चादर टाकली होती. ती त्यांनी ओढली.

पातं फिरलं.

आधी एक गिरकी, मग दुसरी, आणि मग ते गरगरत सुटलं. बॅटरी नाही, बटण नाही, भिंतीतून आलेली तार नाही. फक्त ऊन. बायकोच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. मुलीने हात आडवा धरला, पातं मंदावलं. हात काढला, पातं पळालं. तिने पुन्हा हात धरला. आईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आधी पात्याकडे, मग वर आभाळाकडे बघितलं. "इतकी वर्षं हा रोज येतोय, आणि आपण त्याच्याकडून नुसते कपडे वाळवून घेतले," त्या म्हणाल्या.

फ्रेमवाले पात्याकडेच बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट चालू राहावी असं वाटत होतं.

मग त्यांनी पॅनेल फ्रेम केलं, आणि काय फ्रेम केलं! सागाची चौकट, कोपरे असे जुळलेले की नखसुद्धा अडकू नये. काचेखाली चारी बाजूंनी मलई रंगाच्या पुठ्ठ्याचा माउंट, आतली कड तिरकी कापलेली. निळ्या सेलांभोवती तो असा खुलला की बायको म्हणाली, "हे गच्चीवर नको, हॉलमध्ये लावू या." उन्हात ठेवलं, मोटर जोडली. पातं जागचं हललं नाही.

मेहुण्याने काचेतून डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "दाजी, कडेचे सेल कुठे आहेत?"

"माउंटच्या खाली."

"झाकलेत तुम्ही ते! रांगेतला एक सेल सावलीत गेला तरी सगळी रांग संप करते."

"अरे, पण माउंटशिवाय फ्रेम म्हणजे माणूस आंघोळीहून तसाच बाहेर आल्यासारखं दिसतं."

"दिसू दे. घरचाच माणूस आहे."

फ्रेमवाल्यांनी माउंट काढला, फुंकर मारून कागदात गुंडाळला आणि जड मनाने दुकानातल्या कपाटात ठेवला.

मेहुण्याने जिन्याखाली बॅटरी आणि एक पेटी बसवून दिली. गच्चीवरून जाड वायर जिन्याच्या खिडकीतून खाली उतरली आणि तिचा प्लग पेटीत बसला. पेटीवर हिरवा दिवा लागला. "ऊन असेल तर ही उन्हाची वीज घेते. नसेल तर आपोआप बाहेरच्या लाइनीची. तुम्ही काही बघायला नको," मेहुणा म्हणाला. हॉलचा पंखा आणि दोन दिवे पेटीवर गेले. फ्रेमवाले येता-जाता हिरव्या दिव्याकडे बघू लागले. घरातला हा एकच दिवा असा, की तो बंद करायची इच्छा त्यांना झाली नाही.

आता अडचण एकच होती. शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपार कलली की बरोबर पॅनेलवर यायची. फ्रेमवाले शेजारच्या काकांकडे गेले. "काका, टाकी जरा तिकडे सरकवता येईल?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "टाकी भरलेली आहे. सूर्य तसाही फिरतोच आहे, त्याला सांगून बघा."

सूर्य ऐकणार नव्हता, तेव्हा पॅनेलनेच फिरायचं ठरलं. चित्रकार चित्र ठेवायला वापरतात तसली एक लाकडी घोडी दुकानात पडून होती. फ्रेमवाल्यांनी तिला चाकं लावली, वर पॅनेल चढवलं, आणि गच्चीवर उन्हाच्या मागे मागे ढकलायची सोय झाली. पण ढकलणार कोण? ते दिवसभर दुकानात.

"मी बसते," आई म्हणाल्या. "नाहीतरी खाली अंधारातच असते मी."

हा टोला होता, पण फ्रेमवाल्यांनी तो आभारासारखा स्वीकारला.

आई खुर्ची घेऊन वर गेल्या. हवा छान होती, फार थंड नाही, फार गरम नाही. पॅनेलच्या पाठीमागे चौकोनी सावली पडायची, त्यात खुर्ची बरोबर मावायची. घोडी सरकली की सावली सरके, सावलीबरोबर आईही सरकत. आई एकट्या असतात म्हणून सून भाजी निवडायला वर येऊ लागली. खाली कुणी नाही म्हणून मुलगी पुस्तकं घेऊन वर आली, आणि तिथे डोळे मिटून विचार करता येतो हे तिच्या लक्षात आलं. पलीकडच्या गच्चीवरून काका ओरडून दिशा सांगू लागले, "डावीकडे घ्या! माझी टाकी येतेय!" मग ओरडून घसा बसला म्हणून ते स्वतःच इकडे येऊन बसू लागले.

फ्रेमवाले संध्याकाळी दुकानातून येत ते थेट गच्चीवर. दिवसभर ऊन किती वेळ होतं, ढग कधी आला, घोडी कुणी किती सरकवली, याचा सगळे त्यांना वृत्तान्त देत. सूर्य मावळला तरी कुणी उठत नसे. काका तरुणपणच्या गोष्टी सांगत, मुलगी आजीचे केस विंचरत असे, आणि बायको इतकी हसे की फ्रेमवाले तिच्याकडे बघत राहत. हिचं हसू असं असतं, हे ते विसरले होते. रोजच्या रोज बघायला मिळत होतं, तेव्हा त्यांना त्याचं नवल वाटत होतं, आणि हे सगळं आपल्या पॅनेलने केलं असंही वाटत होतं.

आणि बिल आलं.

फ्रेमवाल्यांनी ते दारातच उघडलं. पुन्हा वाचलं. उलटं करून पाठ बघितली. उजेडाकडे धरलं. बिल निम्म्याहूनही कमी होतं.

ते तसेच दुकानात परत गेले. कपाटातला मलई रंगाचा माउंट काढून बिलाच्या मापाचा केला, आणि संध्याकाळी गच्चीवर आले तेव्हा त्यांच्या हातात ते बिल होतं, सागाच्या चौकटीत, काचेखाली. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. काका उठून उभे राहिले. बायको फ्रेमकडे बघत राहिली, मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हरले मी. बटणं तुमची."

त्या दिवशी आलेला मेहुणा मात्र बिलाकडे आणि पॅनेलकडे आळीपाळीने बघत होता. "दाजी, एवढ्याशा पॅनेलवर बिल निम्मं? माझा जन्म वायरींत गेला. काहीतरी गडबड आहे."

"जळू नकोस," फ्रेमवाले प्रेमाने म्हणाले.

पण मेहुण्याने पॅनेलच्या पाठीमागची वायर हातात धरली आणि तिच्यामागोमाग चालू लागला. वायर घोडीवरून खाली उतरली, गच्चीच्या कडेने गेली, आणि मग वर चढली. तिच्यावर एक चादर होती, दोन उशांचे अभ्रे होते, फ्रेमवाल्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा होता. मेहुणा एकेक कपडा बाजूला सारत पुढे गेला. शेवटी खांब आला. खांबाला वायरची पक्की गाठ होती, आणि गाठीखाली प्लग लोंबत होता.

मेहुण्याने प्लग हातात धरून सगळ्यांना दाखवला.

"ही कुणी बांधली?" मेहुण्याने विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "इथे गुंडाळून ठेवलेली दिसली. मला वाटलं उरलेली आहे. चांगली दणकट होती म्हणून..."

"गुंडाळली मी," आई म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी. हिच्यामुळे जिन्याची खिडकी लागत नव्हती, कबुतरं आत येत होती. खालचं टोक उपसून काढलं. मला काय ठाऊक हीच ती!"

"पण हिरवा दिवा?" फ्रेमवाल्यांचा आवाज खोल गेला होता.

"तो लाइनीवर लागलेला असणार. महिनाभर," मेहुणा म्हणाला.

"मग बिल कसं कमी आलं?" काकांनी विचारलं.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मागच्या महिन्यात आपण टीव्ही लावला का?"

लावला नव्हता. हॉलचा पंखा? हॉलमध्ये बसलं होतं कोण! आतल्या खोल्यांचे दिवे झोपण्यापुरते. फ्रेमवाले जिन्याच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं. सगळं घर रिकामं, शांत, एकही बटण चालू नाही. ज्या घरासाठी त्यांनी जन्मभर हात बटणावर ठेवला होता, ते घर आपसूक बंद पडलं होतं, कारण घरातली सगळी माणसं वर त्यांच्या घोडीभोवती बसली होती. त्यांना गहिवरून आलं. वीज नव्हतीच बनली. बनलं होतं ते काहीतरी भलतंच, आणि त्याला कुठल्या फ्रेममध्ये बसवायचं ते त्यांना कळेना.

"तरी बिल कमी आलं ते आलंच," बायको म्हणाली. "मी शब्द फिरवणार नाही. बटणं तुमची."

"नको गं," फ्रेमवाले म्हणाले. "तूच ठेव."

मेहुण्याने पक्कड काढली. "ताई, हे वाळत घातलेले कपडे काढून घे. आत्ता जोडून देतो."

"राहू दे रे बाबा," आई म्हणाल्या. "जोडलीस की हे सगळे निर्धास्त होऊन खाली जातील. मग मी परत एकटी."

मेहुण्याने पक्कड खिशात ठेवली. ऊन सरकून आईंच्या चेहऱ्यावर आलं होतं. फ्रेमवाले पुढे झाले आणि त्यांनी घोडी फिरवली. पॅनेलची पाठ उन्हाकडे झाली, पण सावली बरोबर खुर्चीवर पडली.

अंधार पडू लागल्यावर आई खाली जायला निघाल्या. फ्रेमवाले धावत पुढे गेले आणि जिन्यातला दिवा त्यांनी स्वतःच्या हाताने लावला. आई कठडा न धरता उतरल्या. दहा वेळा "जपून" म्हणत फ्रेमवाले बिलाची फ्रेम छातीशी धरून मागोमाग निघाले.

खाली पोचल्यावर आईंनी वर दिव्याकडे बघितलं. "हे काय, दिवा तसाच? एवढं कमी केलेलं बिल वाढवायचंय का?" त्या पुटपुटल्या आणि खालच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं. जिन्यात गुडुप अंधार झाला.

"आई!" जिन्याच्या बरोबर मध्यावरून आवाज आला. "मी अजून आहे!"