चांगदेव मास्तरांची दुपारची झोप

"आता दुपारी जेवण झालं की मी झोपणार! जग बुडू दे, माझा पंखा फिरणार म्हंजे फिरणार!" चांगदेव मास्तरांनी ताटावरून उठता उठता जाहीर केलं आणि ते हात धुवायला गेले. तेवढ्यात लाइट गेली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हो, एसटीतले! नारायणगावच्या स्टँडावरून गाड्या सुटायला लागल्या तेव्हापासून हे कंडक्टर, असं लोक म्हणतात. अख्खी नोकरी त्यांनी उभ्याने काढली. खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेली माणसं तिकिटासाठी हलवून हलवून जागी केली. प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, काय नशीब आहे या माणसाचं! आपण रिटायर झालो की असंच झोपायचं, रोज दुपारी, पोटभर जेवून. बाकी त्यांना आयुष्याकडून काहीच नको होतं.

रिटायर झाले आणि येडगावच्या मळ्यात येऊन राहिले. स्लॅबचं घर, उन्हाळ्याची दुपार, आणि मळ्यातली लाइट नेमकी मास्तरांचं डोकं उशीला टेकलं की जायची. बाहेर झाडाखाली बाज टाकावी, तर तिन्ही बाजूंनी ऊस. उसात कोण राहतं ते सांगायला नको. शेजारच्या गोकुळचं कुत्रं बिबट्याने भरदुपारी तिथूनच नेलं होतं. तेव्हा झोपायचं तर घरातच, आणि घरात झोपायचं तर पंख्याखाली.

मग मास्तरांनी जावयाला फोन केला. ही पहिली चूक. त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, त्याच दिवशी आपल्या भावाला फोन केला. ही दुसरी, आणि तिच्यापुढे पहिली काहीच नव्हती.

रविवारी दोघंही एकाच वेळी दारात हजर! जावई मोहित, अवसरी खुर्दचा, इंजिनिअर. मेहुणा हौशीराम, पेठचा, मंडपवाला. दोघं समोरासमोर बसले आणि मास्तर मधे, दोन गाड्यांच्या मधे सायकल अडकावी तसे.

"मामा, सरळ इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या," मोहित म्हणाला. "आवाज नाही, धूर नाही. लाइट गेली हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"बॅटरी?" हौशीराम इतक्या जोरात हसला की चहा बशीत सांडला. "पावणं, बॅटरी लागती टॉर्चला! दाजी, माझ्या मंडपातला जनरेटर देतो तुमाला. आवं, शेकड्यानं लग्नं लावली त्यानं, एक मोडलं न्हाई!"

"जनरेटर म्हणजे नुसता गोंगाट, मामा!"

"गोंगाट म्हंजे दम! मुकं मशीन काय कामाचं?"

"मला निस्ता एक पंखा फिरवायचाय," मास्तर म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, दोन्हींतलं जे बरं ते घ्यावं. घेऊन दाखवा! जावयाचं ऐकावं तर मेहुणा रुसणार. मेहुणा रुसला की प्रयागबाई ताट वाढणार, पण महिनाभर तोंड उघडणार नाहीत. मेहुण्याचं ऐकावं तर जावई रुसणार, आणि लेक अश्विनी फोनवर नुसतंच "बरं" म्हणणार. त्या "बरं"ला मास्तर बिबट्यापेक्षा जास्त भ्यायचे. दोघांनाही नाही म्हणावं, तर मग पंखा कसा फिरणार?

मास्तरांनी दोन्ही घेतलं!

ओसरीत बॅटरी आली. जनरेटरला सावली पाहिजे म्हणून तो घरामागच्या पडवीत ठेवला, नेमका झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. त्याच्या अंगावर "शुभ विवाह"चा कागद अजून चिकटलेला होता.

पहिल्या दुपारी लाइट गेली आणि पंखा फिरतच राहिला. मोहितचं खरं होतं. ना आवाज, ना धूर. मास्तरांचे डोळे जड झाले. इतक्या वर्षांनी आपलाही नंबर लागला, या विचाराने त्यांना भरून आलं. तेवढ्यात कडी वाजली.

"मास्तर, झोपला का?" गोकुळ दारात उभा. "मोबाइल लावू का चार्जिंगला? आमच्यात लाइट न्हाई."

नाही कसं म्हणणार? त्याच्या मागून त्याची बायको मिक्सर घेऊन आली. शेंगदाण्याचा कूट काय, दोन मिनिटांचं काम! मिक्सर लावल्याबरोबर इन्व्हर्टर असा किंचाळला की मास्तर अंथरुणातच "स्टॉप! स्टॉप!" ओरडत उठले. आठवडाभरात सगळी वस्ती वायरी घेऊन ओसरीत जमायला लागली. मास्तरांनी जुन्या सवयीने त्यांना रांगेत बसवलं, सुट्टे पैसे तेवढे मागितले नाहीत. लाइट गेली की घटकाभरात बॅटरी उतरायची आणि पंखा थांबायचा. लोक मात्र थांबायचे, कारण प्रयागबाई चहा ठेवायच्या.

शेवटी एक दिवस मास्तर उठले, बनियनवर पडवीत गेले आणि जनरेटरचं हँडल मारायला लागले. घामाची आंघोळ झाली तेव्हा तो सुरू झाला. आणि काय सुरू झाला! खिडकीची तावदानं थरथरली, फळीवरचे डबे एकेक करून पुढे सरकायला लागले. प्रयागबाई काहीतरी ओरडत होत्या, पण नुसते ओठ दिसत होते. मास्तर कानात कापूस घालून पलंगावर आडवे झाले. पंखा फिरत होता, पलंगही फिरतोय असं वाटत होतं!

थोड्या वेळात गोकुळ पांढरा शर्ट घालून धावत आला.

"मास्तर, कुणाचं लगीन हाय? आमाला आवतान न्हाई?"

"लगीन न्हाई रे! झोपतोय मी!"

"आँ?"

"झोपतोय!"

"हितंच? मंग जेवान किती वाजता?"

पलीकडच्या वस्तीवरच्या बायकाही नव्या साड्या नेसून आल्या. या भागात जनरेटर वाजला म्हणजे हळद तरी असते नाहीतर लग्न तरी. आल्यात तर त्यांना तसंच कसं पाठवायचं? प्रयागबाईंनी पोह्यांना हात घातला. मास्तरांनी सतरंजी अंथरली.

आणि मग एक आक्रित घडलं. रात्री पिकाला पाणी भरायला बिबट्याची भीती, म्हणून मळ्यातली लाइट दिवसा द्यायला लागले. दुपारी लाइट जायचंच बंद! मास्तरांनी पंख्याकडे बघून हात जोडले. बॅटरी नको, जनरेटर नको, कोणी येणार नाही, काही वाजणार नाही.

त्याच दुपारी हौशीरामचा फोन आला.

"दाजी, मशीन बसून ऱ्हायलं की जाम व्हतं बरं का! रोज जेवान झालं की जरा येळ फिरवायचा. इसरू नका!"

पाठोपाठ मोहितचा आला.

"मामा, लाइट असली म्हणून बॅटरी नुसती ठेवू नका. दुपारी मेन स्विच बंद करून घर तिच्यावर चालवत जा. थोडी उतरली पाहिजे, नाहीतर मरेल."

आता रोज जेवण झालं की मास्तर उठायचे, चांगली आलेली लाइट स्वतःच्या हाताने घालवायचे, मग मागे जाऊन हँडल मारायचे. भावाचा फोन आला की प्रयागबाई खिडकीत मोबाइल धरून त्याला आवाज ऐकवायच्या. जावयाचा आला की बॅटरी किती उतरली ते मास्तर जातीने सांगायचे. गोकुळ तर लग्न नसलं तरी यायचाच. मास्तर थकले. अगदी खरं सांगायचं तर नोकरीत थकले नव्हते इतके थकले. एकदा जेवताना घास हातात धरून ते भिंतीकडे बघत बसले, तेव्हा प्रयागबाईंनासुद्धा कसंतरीच झालं. पण त्यांनी आधी हँडलची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एसटीचा पास खिशात घातला.

"पुण्याला पेन्शनचं काम हाय," म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

नारायणगावला गाडीत चढले. खिडकीची जागा मिळाली! ऊन बाहेर, वारा आत. कंडक्टर ओळखीचा. पास बघून म्हणाला, "बसा मास्तर निवांत." मास्तरांनी खिडकीला डोकं टेकलं, तोंड उघडं टाकलं, आणि कळंब यायच्या आत असे झोपले की शेजारची बाई कौतुकाने बघायला लागली. ना कडी, ना हँडल, ना फोन. ज्या झोपेसाठी एवढा उपद्व्याप केला ती इथे फुकट पडली होती. आयुष्यभर ती त्यांच्याच गाडीत होती, फक्त दुसऱ्यांच्या वाट्याला.

जाग आली ती कोणीतरी खांदा हलवल्यामुळे. गाडी उभी होती. ड्रायव्हर समोर उभा होता आणि अख्खी गाडी मान वळवून मास्तरांकडे बघत होती.

"मास्तर, उठा. कंडक्टर मंचरला ऱ्हायला."

"अरारा! कसा काय?"

"कंट्रोलरकडं नोंद करायला उतरला व्हता."

"मग गाडी सोडली कुणी?"

"तुमी!"

शेजारच्या बाईने खुलासा केला. मंचरला गाडी जरा जास्त वेळ थांबली, तशी मास्तरांनी झोपेतच बाजूच्या पत्र्यावर दोनदा ठणठण केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, जाऊ द्या!" असा कमावलेला आवाज ऐकून कुठला ड्रायव्हर मागे वळून बघणार? गाडी निघाली ती थेट पेठला आली.

"कंडक्टर कुणाच्या तरी मोटरसायकलवर यीतोय," ड्रायव्हर म्हणाला. "तवर गाडी हलणार न्हाई."

मास्तरांच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. आपण पेठला आहोत. पेठला! त्यांनी मान खाली घातली, टोपी पुढे ओढली. पण उशीर झाला होता. फाट्यावर मंडपाचे बांबू उतरवणारा माणूस गाडी का थांबली ते बघायला खिडकीखाली आला होता.

"दाजी!" हौशीरामचा चेहरा काचेशी आला. "तुमी हितं? मग आज मशीन कोण फिरवतंय?"

मास्तरांनी टोपी आणखी पुढे ओढली. त्यांनी डोळे मिटले आणि हळूच पत्र्यावर दोनदा ठणठण केलं.

या वेळी ड्रायव्हर हलला नाही.