सावंत सर आणि लेपा

कर्जतच्या मासळी बाजारात लेपा घेण्याआधी त्याची जन्मकथा सांगणारा माणूस एकच: आमचे शेजारी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक सावंत सर.

"लक्षात घ्या," म्हणत सर तो चपटा मासा तळहातावर घेत. "पिल्लू असताना हा उभा पोहतो. दोन बाजूंना दोन डोळे, चारचौघांसारखे. मग एक डोळा निघतो प्रवासाला, डोक्यावरून थेट दुसऱ्या बाजूला! मग हा तळाशी आडवा होतो, अंगावर वाळू ओढून घेतो आणि जन्मभर दोन्ही डोळे वर!"

"सर, मासा घ्या नायतर बाजूला व्हा," मासेवाली सुमनताई ओरडे. "मागं लाइन हाय!"

गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या बायकोचा, वृंदाचा, चेहरा अर्धा वाकडा झाला. ओठ एका बाजूला ओढलेले, उजवा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, काही आठवड्यांत बरं होईल. पण वृंदा गॅलरीतसुद्धा येईना. सख्ख्या बहिणीलाही "येऊ नकोस" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं, तर सर सरळ आत. वृंदासमोर बसले आणि म्हणाले, "लक्षात घ्या, लेपा..."

मी मागून 'नको, नको' असे हातवारे करतोय, पण सरांच्या लेप्याचा डोळा काही थांबेना.

वृंदाने तोंडावरची ओढणी जराशी खाली घेतली. "डोळा सरकताना त्याला दुखत असेल का हो, सर?"

सरांनी डोकं खाजवलं. "माहीत नाही. इतकी वर्षं शिकवलं, हे कुणी विचारलंच नाही."

वृंदा हसली. वाकडी, पण हसली.

मग सर रोज चारला येऊ लागले. लेप्याची अंडी पाण्यावर कशी तरंगतात, अंधारात तो कोळंबी कशी टिपतो, सगळं झालं. वृंदाच्या ओठांतून चहा ओघळला, की सरांना नेमकं खिडकीबाहेर काहीतरी दिसे.

महिन्याभराने डोळा मिटला, ओठ जागेवर आले. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. वृंदाने सरांना पेढा दिला. ते तिच्याकडे बघत राहिले.

"आमच्या हिलाही असंच झालं होतं," ते म्हणाले. "मी 'होईल बरं' म्हणालो आणि पेपर तपासत बसलो. झालीही बरी. पण माझ्यासमोर हसताना तोंडावर पदर घ्यायची. शेवटपर्यंत."

वृंदा उठली.

"सर, आज जेवूनच जायचं. पिठलं टाकते. तुम्हाला भाकरी दोन करू की तीन?"

"तीन," सर म्हणाले.