आत्मचरित्राचे दोन जादा पाटे

गाडीतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या कार्यालयात कुणाला कळत नाही! आता कार्यालयात गाडी एकच आणि ती चालवणारा मी एकटाच, ही गोष्ट वेगळी. ही गाडी म्हणजे आमचं फिरतं वाचनालय. पुढे पिकअप, मागे पत्र्याची खोली, खोलीत फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकं. चालकही मी आणि ग्रंथपालही मीच. चौदा थांबे, प्रत्येक थांब्यावर आठवड्यातून एक फेरी. नवी रहस्यकथा आलीय असं कळलं की एरवी जिना चढताना दहादा बसणारे आजोबा माझ्या गाडीची पायरी एका दमात चढतात. मला या कामाचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर झालं काय, आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांनी आत्मचरित्र लिहिलं. नऊशे पानं! गुळगुळीत जाड कागद, कापडी बांधणी, एकेक प्रत किलोभर. लगेच हुकूम निघाला: फिरत्या वाचनालयात या ग्रंथाच्या सातशे प्रती कायम उपलब्ध असाव्यात.

सातशे किलो! गाडीनं मागून बसकणच मारली. नाक वर, शेपूट खाली. बोगद्यात हेडलाइट लावले की सगळा उजेड छतावर पडायचा. खड्डा आला की मागचं चाक पत्र्याला घासायचं आणि असं किंचाळायचं की थांब्यावरच्या लोकांना हॉर्नची गरज उरली नाही.

बायको म्हणाली, "अहो, चार खोकी गुपचूप घरी आणून माळ्यावर टाका ना!"

"हेडक्लार्क दर शनिवारी प्रती मोजतो."

"मग त्यालाच सांगा की!"

सांगितलं. आमचा हेडक्लार्क म्हणजे शिंक आली तरी आधी नियम बघणारा माणूस. म्हणाला, "गाडीला वजन झेपत नाही ना? मग वजन कमी करा."

"आत्मचरित्र उतरवू?" माझा चेहरा खुलला.

"डोकं ठिकाणावर आहे का? रहस्यकथा उतरवा! मुलांची पुस्तकं उतरवा!"

"मग वाचक वाचणार काय?"

"आत्मचरित्र!"

"आणि वाचकच आले नाहीत तर?"

"तर वाचनालय बंद आणि तुमची बदली तळघरात. जुन्या फायली लावायला माणूस हवाच आहे."

तळघर! त्या ओलसर खोलीत याआधी पाठवलेला माणूस आता फायलींशी बोलतो. काही झालं तरी माझी पुस्तकं आणि माझे चौदा थांबे मी सोडणार नव्हतो. म्हणून मी जाहीर केलं, "वजन कमी करायचं नाही. गाडीच मजबूत करायची!" अकरा सह्या गोळा केल्या आणि गाडी गॅरेजला नेली.

मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं. मागच्या चाकांवर ओझं पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. ते पार सपाट झाले होते.

"भाऊ, ओझं कायमचं, की चढ-उतार?"

"कायमचं."

"नीट विचार करून सांगा. कायमचं असेल तर दोन जादा पाटे टाकतो, एकदम कडक. पण उद्या ओझं उतरलं तर गाडी बकरीसारखी उडेल. मग माझ्याकडे यायचं नाही!"

"मिस्त्री, या पुस्तकाला चार महिन्यांत माशीशिवाय कुणी शिवलेलं नाही!"

"एकानंही नेलं नाही?"

"एकानं नेलं होतं, दाराला अडसर म्हणून. दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. म्हणाला, दार हलेचना."

मिस्त्रीची खात्री पटली. पाटे बसले आणि गाडी मुलाखतीला आल्यासारखी ताठ उभी राहिली. किंचाळणं बंद, घासणं बंद. मी आठवडाभर छाती काढून हिंडलो.

पण चांगलं झालेलं काम साहेबांना दाखवल्याशिवाय राहील तो हेडक्लार्क कसला! त्यानं अध्यक्षांना पाहणीला बोलावलं आणि मला पत्ता लागू न देता सगळ्या विभागांना फर्मान सोडलं: सकाळी दहा वाजता प्रत्येकानं रांगेत उभं राहून आत्मचरित्राची एक प्रत न्यावी.

दहा वाजता रांग बघून मला वाटलं, इमारतीला आग लागली! पाणीपुरवठ्याचे फिटर, आरोग्य खात्याच्या नर्सबाई, जन्म-मृत्यू नोंदणीवाले, झाडून सगळे. आणि जो तो म्हणतोय, "आत्मचरित्र द्या." बाराच्या आत आत्मचरित्राच्या फळ्या रिकाम्या! एकेक खोकं उतरत होतं तशी गाडी मागून वर उठत होती.

मी हेडक्लार्कच्या कानाशी लागलो. "साहेब, थांबवा हो! गाडी हलकी होतेय!"

"होऊ दे! साहेबांचे डोळे बघा!"

साहेबांचे डोळे खरंच भरून आले होते. त्याच भरात ते म्हणाले, "मी स्वतः या गाडीतून पुढच्या थांब्यावर जाणार. मागे बसणार!"

"साहेब, पुढे बसा. मागे जरा..."

"लेखकाची जागा पुस्तकांत!"

"पण तुमची पुस्तकं आहेत कुठे, साहेब?"

"जनतेच्या हातात!" असं म्हणून ते पायरी चढले आणि हेडक्लार्कनं बाहेरून कडी घातली.

पहिला स्पीडब्रेकर आला. मागून धाडकन आवाज झाला. मग पाठीमागच्या पत्र्यावर ठोकल्याचा आवाज, ठक ठक ठक. मला वाटलं, साहेब खूश आहेत, जोरात घे म्हणतायत. मी वेग वाढवला. पुन्हा ठक ठक ठक! केवढा तो उत्साह! पुढचे चार स्पीडब्रेकर मी अशा झोकात घेतले की काय सांगू.

थांब्यावर दार उघडलं. अध्यक्ष रहस्यकथांच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत बुडाले होते. चष्मा एका कानाला लटकलेला, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"थांब म्हणून ठोकत होतो, गाढवा!"

"मला वाटलं, शाबासकी देताय."

"ही गाडी पुन्हा उडाली तर ती भंगारात आणि तू तळघरात!"

हेडक्लार्कनं दुसरं फर्मान सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात सातशेच्या सातशे प्रती परत आल्या. बहुतेकांनी वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. गाडी पुन्हा नीट टेकली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात नवव्या थांब्यावर एक निवृत्त शिक्षिका आल्या. दर वेळी दोन रहस्यकथा नेतात. फळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते जाडजूड पुस्तक द्या बघू आज."

मी फळीसमोर आडवा उभा राहिलो. एका किलोनं काही होत नाही हे मलाही कळतं हो! पण आज या नेतील, उद्या शेजारीण मागेल, आणि परवा मी तळघरात!

"बाई, ते न्यायचं नसतं."

"मग ठेवलंय कशाला?"

"गाडी नीट टेकावी म्हणून!"

"वाचनालयातलं पुस्तक वाचायला मिळत नाही?"

"त्यापेक्षा रहस्यकथा घ्या ना! तीन घ्या, चार घ्या!"

बाई संतापल्या. घरी जाऊन त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन पानी तक्रार लिहिली आणि थेट अध्यक्षांना धाडली: आपले आत्मचरित्र वारंवार मागूनही वाचकांस मिळत नाही.

मला बोलावणं आलं. साहेबांनी तक्रार माझ्यादेखत तीनदा वाचली आणि उठून मला मिठीच मारली!

"मागणी! एवढी मागणी की प्रत मिळत नाही! दुसरी आवृत्ती काढा! आणखी सातशे प्रती गाडीत ठेवा!"

"साहेब, पण जागा?" मी कसंबसं विचारलं.

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कनं माझ्याकडे पाहिलं. "रहस्यकथा आहेत ना," तो म्हणाला.

मिस्त्रीनं आणखी पाटे टाकले. रहस्यकथा, मुलांची पुस्तकं, सगळी त्रेचाळीस खोकी तळघरात उतरवली. उतरवली म्हणजे मीच उतरवली. शेवटचं खोकं ठेवताना मला रडू आलं, आणि फायलींशी बोलणाऱ्या त्या माणसानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, नोकरी शाबूत आहे आणि गाडी तर काय सुरेख चालते! हिसका नाही, आवाज नाही. पूर्वी चौदा थांबे करायला आठवडा लागायचा. आता सकाळी निघतो तो जेवायच्या आत चौदाही करून परत. मधे कुठे थांबावंच लागत नाही!